तीन बोटं राखून

ऊसतोडीच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातात गवत कापायचं मशीन दिलं, की त्याचा हात आपोआप जमिनीकडे जातो. बीड शहरात माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलांचं मी हे रोज बघते. त्यांचे आई-बाप माझ्या आई-बापासारखेच दसरा-दिवाळी झाली की गाव सोडणारे. मुकादमाची उचल घ्यायची, ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा, कारखान्याच्या थळावर कोपी म्हणजे खोपटं उभं करायचं आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फडात राबायचं. फडात एकच शिकवण असते: बुडातून घे. जमिनीच्या वर बुडखा ठेवू नको.

ही शिकवण उसापुरती शंभर टक्के बरोबर आहे. लग्नाच्या लॉनवर किंवा शाळेच्या हिरवळीवर तीच लावली, तर गवत मरायला टेकतं. मी धारूर तालुक्यातल्या अशाच घरातली. कृषी पदविका केली आणि आता बीडमध्ये काही मंगल कार्यालयांची लॉन्स, एका शाळेचं आवार आणि थोड्या बंगल्यांच्या बागा सांभाळते. मालक असोत की माझ्याकडची पोरं, प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: “ताई, किती बारीक कापायचं?” मला वाटतं, आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. या गवताचा जीव कुठे आहे? त्याचं उत्तर मिळालं की उंची आपोआप ठरते.

एकच कुळ, चार उंच्या

बीडच्या शेतकऱ्याला हे समजावायला पुस्तक लागत नाही, त्याचं शिवार पुरतं. ऊस, ज्वारी, जनावरांचं नेपियर आणि बांधावरची हरळी ही चारही पिकं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातली, म्हणजे गवतंच. पण आपण त्यांना चार वेगळ्या जागी कापतो.

रब्बीची ज्वारी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मुळासकट उपटतात. पेंढ्या बांधतात, कणसं खुडतात, कडबा रचतात. उपटली तरी काही बिघडत नाही, कारण कणीस पिकलं की त्या ताटाचं काम संपलं. त्याचा पुढचा जन्म दाण्यात गेलेला असतो.

ऊस जमिनीलगत तोडतात, त्याची दोन कारणं आहेत. साखर शेंड्याकडे कमी आणि बुडाकडच्या कांड्यांमध्ये जास्त असते. वर चार बोटं बुडखा राहिला, तर सगळ्यात गोड कांडं शेतात राहून जातं. दुसरं कारण खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून येणाऱ्या पुढच्या पिकाचं. उसाच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. मातीखालच्या डोळ्यांतून फुटलेल्या कोंबाला स्वतःची मुळं मातीत सोडता येतात आणि खोडवा जोमाने येतो. बुडखा उंच राहिला, तर वरचे डोळे आधी फुटतात. त्यांची मुळं मातीपर्यंत पोचत नाहीत आणि फुटवे मरतुकडे राहतात. म्हणून शेतकरी खोडवा ठेवताना उरलेले बुडखे पुन्हा जमिनीलगत छाटून घेतो.

नेपियर कापताना उलट सांगतात. जमिनीपासून दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवा, कारण पुढचे फुटवे खालच्या पेरांतून आणि बेटातून येणार. पेरंच कापून नेली तर पुढची कापणी लांबते आणि बेट दरवेळी बारीक होत जातं. २०१८-१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्यांशिवाय जनावरं जगवणं कठीण झालं होतं. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं, त्यांच्यासाठी नेपियरचं टिकलेलं बेट ही मोठीच गोष्ट होती.

राहिली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी आयुष्यभर निंदून काढतो तीही हीच. आपल्या भागातल्या बहुतेक हिरवळी याच गवताच्या किंवा त्याच्या निवडक वाणांच्या असतात. हरळीची उंची सगळ्यात नाजूक, कारण तिचा जीव दोन ठिकाणी वाटलेला असतो.

पान स्वयंपाक करतं, बूड साठा ठेवतं

गवताचं पातं टोकाकडे वाढत नाही, ते बुडाकडून वर सरकतं. म्हणून शेंडा कापला तरी तेच पातं पुन्हा लांब होतं. गाई-शेळ्यांच्या तोंडी पडूनही गवत हजारो वर्षं टिकलं, ते या रचनेमुळे. आंब्याच्या रोपाचा शेंडा खुडला की त्याला नवीन डोळ्यातून फुटावं लागतं. गवताला तेवढंही करावं लागत नाही, कारण त्याचा वाढीचा भाग खाली, जमिनीला चिकटून असतो.

पण पातं हेच गवताचं स्वयंपाकघर आहे. ऊन, पाणी आणि हवा यांतून अन्न तयार होतं ते हिरव्या पात्यात. त्यातलं उरलेलं अन्न बुडात, जमिनीवर धावणाऱ्या कांड्यांत आणि मातीखालच्या मुळकांड्यांत साठतं. आपण पातं कापतो, तेव्हा गवत हा साठा मोडून नवं पातं काढतं. थोडंच कापलं तर उरलेलं पातं अन्न करत राहतं आणि साठ्याला फारसा हात लागत नाही. सगळंच कापलं तर साठ्यावर भार पडतो आणि पहिली काटकसर मुळांच्या वाट्याला येते.

अमेरिकेच्या कृषी विभागातले फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये याचे आकडे प्रसिद्ध केले. एकाच वेळी ऐंशी टक्के पाला कापला, तर मुळांची वाढ १२ दिवस थांबली. नव्वद टक्के कापला, तर १७ दिवस थांबली. चाळीस टक्क्यांपर्यंत कापला, तर मुळं वाढत राहिली. जगभरचे हिरवळ राखणारे आज जो नियम पाळतात, तो या हिशेबात चपखल बसतो: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही.

बीडच्या उन्हात बारा दिवस मुळं थांबणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कळेल. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वरची दोन-चार इंच माती भराभर सुकते. मूळ तोवर खाली उतरलेलं नसेल, तर टँकरने कितीही पाणी ओता, ते वरच्या वर उडून जातं.

बोटांचा हिशेब

मी पोरांना सेंटिमीटर सांगत नाही, बोटं सांगते. तीन बोटं आडवी धरली की साधारण पाच सेंटिमीटर भरतात, चार बोटं सात-साडेसात. देशी हरळीसाठी माझा साधा नियम असा: चार बोटं झाली की कापा, तीन बोटं ठेवा. यात एक तृतीयांशाची मर्यादा आपोआप पाळली जाते.

ऋतूप्रमाणे हे थोडं सरकतं. पावसाळ्यात हरळी झपाट्याने वाढते, तेव्हा चार सेंटिमीटरवर कापलं तरी चालतं. मात्र आठ-दहा दिवसांनी पुन्हा कापावं लागतं. काळ्या मातीत वाफसा आल्याशिवाय मशीन आत घालायचं नाही. ओल्या रानात चाकं रुततात, माती दाबली जाते आणि ओलं गवत गोळे होऊन पडतं. थंडीत रात्री गार झाल्या की वाढ मंदावते, मग कापणीही लांबवायची. फेब्रुवारीच्या मध्यापासून मशीन एक खाच वर घ्यायचं आणि पाच-सहा सेंटिमीटरवर ठेवायचं.

उंच गवताची सावली मातीवर पडते, माती कमी तापते आणि मुळं खोल जातात. पानं जास्त म्हणजे गवत पाणीही थोडं जास्त घेतं, हे खरं आहे. पण खोल गेलेलं मूळ खालची ओल वापरू शकतं. म्हणून पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये अंतर पडलं तरी हिरवळ तग धरते. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात हे अंतर फार महत्त्वाचं.

उंच ठेवायचं म्हणून वाटेल तितकं उंचही ठेवू नये. हरळी चार बोटांच्या बरीच पुढे गेली की तिचं बूड काडीचं होतं आणि हिरवं फक्त वरच्या थरात राहतं. अशी हिरवळ एकदम तीन बोटांवर आणली, तर खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात. लोक म्हणतात गवत जळालं. जळालेलं नसतं, त्याचं सगळं हिरवं पान आपण काढून नेलेलं असतं.

पावसाळी झडीत महिनाभर कापता आलं नाही आणि गवत वीतभर वाढलं, तर टप्प्याटप्प्याने उतरायचं. आधी चौदा-पंधरा सेंटिमीटर, चार-सहा दिवसांनी दहा, मग सात, मग पाच. घाई केली तर उघड्या पडलेल्या मातीवर ऊन पोचतं आणि तिथे गाजरगवत उगवतं. दाट, नीट उंचीची हरळी बरंच तण स्वतः दाबते. लव्हाळा मात्र उंचीने हटत नाही. त्याच्या गाठी मातीत असतात, त्या खणूनच काढाव्या लागतात.

सावलीतला हिशेब वेगळा. कडुनिंबाखाली हरळी विरळच राहते, कारण तिला भरपूर ऊन लागतं. तिथे एक बोट जास्त ठेवायचं. तरीही ती धरत नसेल, तर तिथे हिरवळीचा हट्ट सोडून फरशी किंवा सावलीतली रोपं लावणं शहाणपणाचं. रोपवाटिकेत कोरियन किंवा मेक्सिकन नावाने बारीक पात्याचं गवत मिळतं. ते हळू वाढतं, कापण्या कमी लागतात, पण न कापता सोडलं तर त्याचे उंचवटे तयार होतात. ते तीन-चार सेंटिमीटरवर ठेवावं. नवी हरळी लावली असेल, तर पहिल्या कापणीची घाई करू नये. दोन बोटांत धरून हलकं ओढून बघायचं. मूळ धरलेलं असेल आणि गवत चार बोटांवर गेलं असेल, तरच मशीन लावायचं.

उंचीचे आकडे वाचताना ते कोणत्या गवताचे आहेत हेही बघावं. थंड देशांतल्या हिरवळी बहुधा राय किंवा फेस्क्यू गवतांच्या असतात. त्यांना गारवा मानवतो आणि उन्हाळ्यात ती हरळीपेक्षा उंच ठेवावी लागतात. आपली हरळी उष्ण हवेतलं गवत आहे, तिचा हिशेब तिच्या हवेतच मांडला पाहिजे.

लग्नसराईची परीक्षा

तुळशीचं लग्न झालं की बीडमधल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि उन्हाळ्यात तर दम घ्यायला फुरसत नसते. हिरवळीसाठी हेच सगळ्यात कठीण दिवस. ऊन वाढलेलं, पाणी आटलेलं आणि वरून मांडव, खुर्च्या, हजारो पावलं. नेमका तेव्हाच मालकांचा निरोप येतो, “ताई, उद्या लग्न आहे, एकदम बारीक करून घ्या, टीव्हीवरच्या मैदानावर असतं तसं.”

टीव्हीवर दिसणारं क्रिकेटचं मैदान साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर कापलेलं असतं आणि गोल्फमधली भोकाभोवतीची जागा तर तीन-चार मिलिमीटरवर. तिथे मुद्दाम निवडलेली बारीक पात्याची गवतं असतात आणि मैदान कापायला रोज किंवा दिवसाआड माणसं उभी असतात. दीड सेंटिमीटर ठेवायचं तर एका वेळी पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त कापता येत नाही, म्हणून हा खटाटोप. शिवाय पाणी, खत, रोलर. हे सगळं नसताना फक्त उंची उचलून आणली, तर लग्न एका दिवसाचं होतं आणि हिरवळ पावसाळ्यापर्यंत उठत नाही.

मी मालकांना सांगते, लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी कापू आणि पाच सेंटिमीटर ठेवू. कापल्याची फिकट टोकं तोवर सावरतात. तीन बोटांच्या गवतावर पाय पडला तर भार पात्यावर येतो, एका बोटाच्या गवतावर पडला तर थेट बुडावर. मांडवाखालची सतरंजी रात्रीच उचलून घ्यावी, कारण झाकलेलं गवत उन्हाच्या दिवसांत लवकर पिवळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्यावं आणि दबलेल्या पट्ट्यात आठवडाभर तरी मशीन फिरवू नये.

भाद्रपदात एक काम मी आवर्जून करते. भिंतीकडेची एक पट्टी न कापता सोडते. आसपासच्या बायका दूर्वा खुडायला येतात, काहीजणी तिथून पुढे नवगण राजुरीच्या गणपतीला जातात. एरवी सगळीकडे कापलेली हरळी पाहणाऱ्यांना त्या पट्टीत तिचं खरं रूप दिसतं. ती आधी आडवी धावते, प्रत्येक पेराशी मुळं सोडते आणि मग वर उठते.

मशीन आणि माणूस

हिरवळ कापायचं मशीन १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी बनवलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरचा फुलोरा सारखा कापून घ्यायला फिरत्या पात्यांचं यंत्र असतं, त्यावरून त्यांना ते सुचलं. त्याआधी हिरवळ एकसारखी ठेवायची, तर लांब दांड्याचं पातं चालवणारी तरबेज माणसं लागत, नाहीतर मेंढ्या सोडाव्या लागत. यंत्राने पहिल्यांदा उंची कापणाऱ्याच्या हातातून काढून यंत्राच्या रुळावर ठेवली.

आपल्याकडे मात्र बहुतेक हिरवळी खांद्यावरच्या ब्रश कटरने कापल्या जातात. त्याला चाकं नसतात, उंची कामगाराच्या हातातच राहते. हात थकला की पातं खाली उतरतं आणि गवतात गोल खड्डे पडतात. ते यंत्र कडेला, झाडांच्या बुंध्याशी, पायऱ्यांजवळ वापरावं. मोकळ्या जागेसाठी चाकांचं मशीन हवं. त्याची खाच किती उंचीची हे खोक्यावर वाचून चालत नाही. मशीन सिमेंटच्या फरशीवर ठेवायचं, बंद करायचं, प्लग काढायचा आणि फरशीपासून पात्यापर्यंत पट्टी धरून मोजायचं.

पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी फाटलेली टोकं पांढुरकी दिसतात आणि त्यातून पाणी जातं. आमच्या घरी संध्याकाळी कोपीपुढे बसून आई रोज कोयत्याला धार लावायची. बोथट कोयत्याने ऊस एका घावात तुटत नाही आणि बुडखा फाटला तर खोडव्याला त्रास होतो. धारेचा नियम उसाला आणि हरळीला सारखाच लागू आहे.

कापलेले बारीक तुकडे हिरवळीवरच राहू द्यावेत. ते आठवड्याभरात विरतात आणि नत्र मातीला परत देतात. लांब पेंढ्या पडल्या असतील तर गोळा करून जनावरांना द्याव्यात, मात्र त्या हिरवळीवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं नसावं.

वर्षातून एकदा मी स्वतः हरळी जमिनीलगत नेते. मेअखेरीला, पाऊस तोंडावर असताना, साचलेला वाळका थर दाताळ्याने खरवडून काढते आणि वर कुजलेलं शेणखत पसरते. हरळी हे सहन करते, कारण तिचा साठा मातीखालच्या मुळकांड्यांत असतो. निंदून निंदून शेतकरी थकतो तरी हरळी जात नाही, तीही याच साठ्यामुळे. पण हा साठा वर्षातून एकदा मोडायचा आणि पावसाळ्यात पुन्हा भरू द्यायचा. दर पंधरा दिवसांनी मोडला, तर चिवटातली चिवट हरळीही विरळ होते.

बालाघाटच्या डोंगरांवर हेच मोठ्या मापात दिसतं. पाटोद्याकडे नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला गवताळ माळ आहेत. ज्या माळावर शेळ्या-मेंढ्या वर्षभर बुडापर्यंत खातात, तिथे मारवेल आणि पवन्यासारखी चांगली गवतं मागे पडतात आणि कुसळी पसरते. आष्टीच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने माळ चरायला बंद केला आणि विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. विळा बूड राखतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा गवत येतं.

पाण्याच्या गावात हिरवळ

बीडसारख्या जिल्ह्यात हिरवळ असावी का, हा प्रश्न मला विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. जिथे माणसांना हंडा घेऊन थांबावं लागतं, तिथे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर गवत हिरवं ठेवणं मला पटत नाही. हिरवळ लहान ठेवा, हरळीचीच ठेवा, आंघोळीचं आणि हात धुण्याचं पाणी तिकडे वळवा. मे महिन्यात पाणी नसेल, तर कापणी बंद करा आणि तिला वाळू द्या. वाळलेली हरळी मेलेली नसते. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की मातीखालून ती पुन्हा उठते. फक्त तिला मरणाच्या उन्हात बारीक कापून उघडी करू नका.

शेवटची गोष्ट मालकांना उद्देशून. उसात टनावर मजुरी मिळते, वाकण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तरीही आपल्या जिल्ह्यातल्या लाखो बाया-माणसांनी पाठ मोडेपर्यंत वाकून बुडातून ऊस तोडला आणि त्यावर इतरांचा खोडवा पिकला. कापण्याचं ज्ञान या लोकांकडे आहे. त्यांच्या पोरांनी तुमच्या हिरवळीपाशी गुडघ्यावर बसून गवत फाकवलं, हिरवं कुठे सुरू होतं ते पाहिलं आणि “शेठ, आज एवढंच कापतो” म्हटलं, तर त्यांचं ऐका. कापायची उंची कापणाऱ्याला ठरवू द्या, आणि त्यासाठी त्याला पाहायला वेळ आणि पूर्ण दिवसाची मजुरी द्या.